गांधीजींचा अणुबॉम्ब आणि २५५ चा आकडा: गेममधला दोस्त युद्ध कधी पुकारतो?

आजचा एपिसोड थोडा उशिरा आला आहे, आणि उशीर का झाला ते एपिसोडमध्येच कळेल. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे इयरफोन नेहमीसारखे हरवले आहेत, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना माझं जे 'म्हणजे, म्हणजे' होतं ते कापलंय, बाकी सगळं तसंच आहे.

गोष्ट सुरू होते होस्टेलवर. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, रूममेटचा लॅपटॉप आणि त्यावर 'सिव्हिलायझेशन फाइव्ह'. ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही एका संस्कृतीचे नेते असता. एका छोट्या वस्तीपासून सुरुवात करायची आणि हजारो वर्षं पार करत थेट अवकाशयानापर्यंत जायचं. नकाशावर बाकीचे देश असतात, ते कॉम्प्युटर चालवतो. त्यातला कोणी तुमचा मित्र होतो, कोणी वैरी.

मी रोमन होतो. शेजारी भारत आणि भारताचे नेते महात्मा गांधी. गेमच्या हिशोबाने तीनेक हजार वर्षं आमचं उत्तम चाललं होतं. व्यापार, मैत्रीचा करार, सगळं गोडीगुलाबीत. मग एका रात्री अडीचच्या सुमारास गांधीजींनी युद्ध पुकारलं आणि माझ्या एका शहरावर अणुबॉम्ब टाकला. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. रूममेट मात्र कॉटवर लोळून हसत होता. म्हणाला, "अरे, तुला माहीत नाही? ते २५५ चं प्रकरण!"

आणि त्याने मला ती दंतकथा सांगितली.

दंतकथा

तुमच्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. १९९१ साली पहिला 'सिव्हिलायझेशन' आला. त्यात प्रत्येक नेत्याला आक्रमकपणाचा एक आकडा दिलेला होता. गांधीजी अहिंसावादी, म्हणून त्यांना सगळ्यात कमी, म्हणजे १. पुढे देशात लोकशाही आली की प्रत्येक नेत्याचा आक्रमकपणा २ ने कमी व्हायचा. १ मधून २ गेले की उणे १. पण तो आकडा ठेवला होता आठ बिटांच्या अशा खान्यात, जिथे उणे संख्या बसतच नाही. तिथे ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. शून्याच्या खाली गेलात की काटा उलटा फिरून थेट २५५ वर. झालं! जगातला सगळ्यात शांत माणूस एका क्षणात जगातला सगळ्यात आक्रमक माणूस झाला आणि अणुबॉम्ब टाकत सुटला.

काय गोष्ट आहे ना! छोटी आहे, मजेशीर आहे, आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला तर फारच गोड लागते. चुकीचा डेटा टाइप निवडला तर काय होतं, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. मी ती किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. ज्युनिअर मुलांना सांगितली. एका इंटरव्ह्यूमध्ये सांगितली, समोरचे हसले आणि मला वाटलं मी जिंकलो. नोकरीला लागल्यावर नव्या इंटर्नसाठी एक प्रेझेंटेशन बनवलं, त्यात तर तिच्यासाठी अख्खी स्लाइड होती.

यंदा ती स्लाइड दाखवत असताना मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "दादा, लोकशाही आल्यावर दोन वजा करणारी ती ओळ कोडमध्ये नेमकी कुठे आहे?"

मी म्हटलं, "शोधून सांगतो."

तो शनिवार-रविवार शोधण्यात गेला. त्याच्या पुढचाही गेला. म्हणून एपिसोडला उशीर.

ती ओळ नव्हतीच

थेटच सांगतो. तो बग कधीच नव्हता.

हे मी माझ्या अकलेने सांगत नाहीये. हा गेम बनवणारे सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्यात ही दंतकथा खोडून काढली. सी भाषेत साध्या पूर्णांकाला चिन्ह असतंच, म्हणजे उणे १ हा आकडा तिथे आरामात बसतो, काटा फिरायचा प्रश्न येत नाही. शिवाय देशात कुठली राज्यपद्धती आहे यावरून नेत्याचा आक्रमकपणा बदलतच नव्हता. म्हणजे मी ज्या ओळीच्या शोधात दोन शनिवार-रविवार घालवले, ती ओळ कुणी लिहिलीच नव्हती.

दुसऱ्या भागाचे मुख्य डिझायनर ब्रायन रेनॉल्ड्स यांचंही म्हणणं असंच आहे. त्यांच्या आठवणीनुसार मूळ गेममध्ये आक्रमकपणाच्या तीनच पातळ्या होत्या. गांधीजी सगळ्यात खालच्या पातळीवर होते हे खरं, पण तिथे ते एकटे नव्हते. जवळपास एक तृतीयांश नेते त्याच पातळीवर होते. आणि समजा कसाही करून तो आकडा २५५ झाला असता, तरी तो नेता गेममधल्या इतर आक्रमक नेत्यांएवढाच भांडखोर झाला असता, त्यापेक्षा काकणभरही जास्त नाही.

मग लोकांना गांधीजींचा अणुबॉम्ब आठवतो कसा? यालाही साधं उत्तर आहे. त्या गेममधला भारत विज्ञानात पुढे जाणारा होता, त्यामुळे अण्वस्त्रं त्याच्या हाती लवकर येऊ शकत. आणि अण्वस्त्रं हाती आलेला कुठलाही नेता, मग तो लिंकन असो की नेपोलियन, तुमच्याशी बोलताना त्यांची धमकी द्यायचा. वाक्य सगळ्यांचं एकच. पण लिंकनची धमकी आपण विसरतो. पंचा नेसलेल्या, हसऱ्या गांधीजींच्या चित्राखाली तेच वाक्य आलं की ते जन्मभर लक्षात राहतं. लक्षात ठेवण्याचा हा पक्षपात आपला होता, कोडचा नव्हता.

यापुढची गंमत बघा. २०१० साली पाचवा भाग आला. त्याचे डिझायनर जॉन शेफर. या भागात प्रत्येक नेत्याच्या आवडीनिवडींना साधारण १ ते १० असे आकडे आहेत. किती बांधकाम करायचं, किती सैन्य ठेवायचं, अण्वस्त्रांचा वापर किती करायचा. दर वेळी नेता अगदी तसाच वागू नये म्हणून गेम सुरू होताना या आकड्यांत दोनेकचा फेरफार होतो. शेफरनी गांधीजींच्या अण्वस्त्रांच्या खान्यात टाकले १२. म्हणजे फेरफारात दोन वजा झाले तरी उरतात पूर्ण दहा. निव्वळ गंमत म्हणून, मुद्दाम केलेलं.

म्हणजे त्या रात्री माझ्यावर जो बॉम्ब पडला, तो बगमुळे नव्हता. एका माणसाने विचार करून टाइप केलेल्या आकड्यामुळे होता. २५५ ची गोष्ट इंटरनेटवर पसरली ती त्यानंतर, २०१२ च्या पुढे. आधी विनोद आला आणि मग त्या विनोदाला वीस वर्षं जुनं कारण चिकटवलं गेलं.

इथे एपिसोड संपवता आला असता. पण मला वेगळाच प्रश्न छळत होता. आपण इतक्या सहज फसलो का? माझं उत्तर असं: समोरचा मित्र आपल्याशी का भांडला हे आपल्याला दिसत नव्हतं. आणि जिथे कारण दिसत नाही तिथे माणूस गोष्ट रचतो. म्हणून म्हटलं, आता बघूच, हे कॉम्प्युटरचे दोस्त युद्ध आणि तह खरोखर ठरवतात तरी कसे.

जशास तसे

मागे जाऊया, १९८० साली. रॉबर्ट ॲक्सलरॉड नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने प्रोग्रॅम्सची एक स्पर्धा भरवली. दोन प्रोग्रॅम समोरासमोर. प्रत्येक डावात प्रत्येकाने ठरवायचं, सहकार्य करायचं की दगा द्यायचा. दोघांनी सहकार्य केलं तर दोघांना ३-३ गुण. एकाने दगा दिला तर त्याला ५ आणि भोळ्याला भोपळा. दोघांनी दगा दिला तर १-१. असे २०० डाव.

चौदा तज्ज्ञांनी प्रोग्रॅम पाठवले. काही भलतेच हुशार, समोरच्याच्या चालींवरून अंदाज बांधणारे. जिंकला तो सगळ्यात छोटा प्रोग्रॅम, अनातोल रापोपोर्ट यांचा. त्याचा नियम आपल्याकडे म्हणीसारखा वापरला जातो: जशास तसे. पहिल्या डावात सहकार्य करायचं, नंतर समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं. बस. ॲक्सलरॉडने निकाल जाहीर करून पुन्हा स्पर्धा घेतली. या वेळी बासष्ट प्रोग्रॅम आले, सगळ्यांना माहीत होतं की कुणाला हरवायचंय. तरी पुन्हा तोच जिंकला.

मजा म्हणजे 'जशास तसे' कुठल्याही एका लढतीत समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. तो आधी दगा देत नाही, मग पुढे जाणार कसा? तो जिंकला एकूण बेरजेत. ॲक्सलरॉडने त्याचे चार गुण सांगितले. तो स्वतःहून खोडी काढत नाही. खोडी काढली तर सोडत नाही. समोरचा सुधारला तर माफ करतो. आणि चौथा गुण आपल्या कामाचा: तो समजायला सोपा आहे. दोन डावांत कळतं की हा गडी कसा वागतो, आणि मग त्याच्याशी नीट वागणंच परवडतं.

हा चौथा गुण लक्षात ठेवा. पुढची सगळी कहाणी त्याच्याभोवती फिरते.

दुसरा किती ताणेल?

१९८५ मध्ये ख्रिस क्रॉफर्ड यांचा 'बॅलन्स ऑफ पॉवर' आला. शीतयुद्धाचा काळ. तुम्ही अमेरिका किंवा सोव्हिएत संघ, दुसरी महासत्ता कॉम्प्युटरकडे. कुठल्यातरी छोट्या देशात तुम्ही शस्त्रं पाठवता, समोरचा आक्षेप घेतो. आता तुम्ही माघार घ्यायची की ताणायचं? तुम्ही ताणलं की तो ठरवतो, आपण माघार घ्यायची की अजून ताणायचं. असं करत करत कुणीच मागे हटलं नाही तर अणुयुद्ध, आणि गेम खलास. स्फोटाचं चित्रसुद्धा दाखवत नाहीत. अपयशाला बक्षीस मिळणार नाही, असं गेम तुम्हाला स्वच्छ सुनावतो.

इथे कॉम्प्युटर हिशोब करतो की हा देश आपल्याला किती महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी किती ताणायचं. तो हिशोब तुम्हाला दिसत नाही, आणि दिसायलाही नको, कारण भीती तीच आहे. हा समोरचा शत्रू होता. मित्राच्या बाबतीत मात्र मामला वेगळा होतो.

उधारीची वही

२००५ साली 'सिव्हिलायझेशन फोर' आला, मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन. यात त्यांनी सरळ वही उघडून दाखवली. किराणा दुकानात असते ना, उधारीची वही, तशी. एखाद्या नेत्याच्या नावावर माऊस नेला की दिसायचं: तुमचा-आमचा धर्म एक, अधिक इतके. व्यापार बरेच दिवस चालू आहे, अधिक इतके. सीमा एकमेकांना घासतायत, उणे इतके. आमच्या वैऱ्याशी सौदा केलात, उणे इतके. आम्ही मागितली तेव्हा मदत नाकारलीत, उणे एक. या सगळ्याची बेरीज होऊन पाच पायऱ्यांपैकी एक ठरायची. सगळ्यात खाली संतापलेला, मग वैतागलेला, सावध, खूश आणि सगळ्यात वर जिवलग.

आता युद्ध. वहीतली बेरीज म्हणजे परवानगी फक्त. प्रत्येक नेत्याची रेषा वेगळी. गांधीजी 'खूश' असतील तर तुमच्यावर चालून येत नाहीत. काही नेते 'खूश' असतानाही येऊ शकतात. रेषा ओलांडली की आतमध्ये दर खेपेला फासे पडतात, आणि कुणाचे फासे किती वेळा युद्धाच्या बाजूने पडतील हेही नेत्यानुसार ठरलेलं. शिवाय तुमचं सैन्य त्याच्या तुलनेत किती, हे तो बघतो. तुम्ही आधीच दुसऱ्याशी लढत असाल तर वाहत्या गंगेत हात धुवून घ्यायचा वेगळा फासाही आहे!

एकदा ठरलं की तो लगेच हल्ला करत नाही. आधी सैन्य जमवतो. आणि इथे खेळणाऱ्यांनी एक भारी गोष्ट शोधली. तयारीत असलेल्या नेत्याला तुम्ही म्हणालात, "चल, त्या तिसऱ्यावर हल्ला कर", तर तो नकार देताना कारण देतो: सध्या आमच्या हातात पुरेसं काम आहे. म्हणजे स्वारी कुणावर तरी ठरली आहे. कुणावर, ते तुम्ही ओळखायचं. हे वाक्य दिसलं की अनुभवी खेळाडू गुपचूप सीमेवर सैन्य हलवतो.

तहाचंही तसंच. युद्ध पेटल्यावर काही काळ तो बोलायलाच तयार नसतो. मग दोन्ही बाजूंनी काय मिळवलं, कुणी किती शहरं घेतली, याची बेरीज होते. ज्याचं पारडं हलकं तो पैसे, तंत्रज्ञान किंवा एखादं शहर देऊन सुटका करून घेतो.

म्हणजे कुठेही जादू नाही, बेरीज-वजाबाकी आणि फासे. तरीही चौथा भाग खेळणारे लोक नेत्यांबद्दल असं बोलतात जणू खरी माणसं आहेत. "तो ना, विश्वास ठेवायच्या लायकीचा नाही." "ही बाई शब्दाची पक्की." हिशोब दिसत होता म्हणून ओळख झाली.

मित्राने जिंकायला खेळावं का?

२००८ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या एका परिषदेत सोरेन जॉन्सन यांनी याच विषयावर भाषण दिलं. मुद्दा असा: कॉम्प्युटरने चांगलं खेळावं की मजा येईल असं खेळावं?

विचार करा. तुम्ही जिंकायला दहा डाव बाकी आहेत. तुमचा जुना मित्र, जो कॉम्प्युटर आहे, त्याला खरंच जिंकायचं असेल तर शहाणपणाची चाल एकच: आत्ता तुमच्या पाठीत सुरा खुपसायचा. माणूस खेळत असता तर त्याने तेच केलं असतं आणि आपण त्याला शिव्या देऊन पुढचा गेम लावला असता. पण कॉम्प्युटरने तसं केलं की आपल्याला वाटतं, हा गेमच लबाड आहे. तीन हजार वर्षांच्या मैत्रीचा उपयोग काय मग? म्हणून चौथ्या भागातले मित्र बहुतेक वेळा मित्रच राहतात, भले त्यात ते हरले तरी. त्यांना हरता यावं अशी सोय करून ठेवलेली आहे.

पाचव्या भागात जॉन शेफर उलट दिशेने गेले. त्यांना हवं होतं की नेते हाडामांसाच्या खेळाडूसारखे वागावेत. म्हणून आतमध्ये नेत्याच्या मनात तुमच्याबद्दल एक धोरण ठरतं: युद्ध, उघड वैर, मनात एक आणि ओठांवर एक, सावधगिरी, भीती, मैत्री किंवा अलिप्तपणा. यातलं 'मनात एक आणि ओठांवर एक' बघा. तो तुमच्याशी हसून बोलणार, पण आत युद्धाची तयारी. आणि सुरुवातीला ती उधारीची वही खेळणाऱ्याला दिसतच नव्हती.

कागदावर हे जास्त हुशार होतं. खेळणाऱ्यांना मात्र ते वेडेपणाचं वाटलं. काल मैत्री करणारा आज चारचौघांत निंदा करतो, का ते कळत नाही. पुढच्या अपडेटमध्ये कारणं थोडी थोडी दाखवायला लागली. २०१३ मध्ये शेफरनी स्वतःच आपल्या त्या कामाबद्दल लिहिलं आणि मान्य केलं की माणसासारखे वागणारे नेते करायच्या नादात ते बेभरवशाचे आणि लहरी वाटू लागले.

आता माझा तो अणुबॉम्ब परत आठवा. माझा मित्र ज्या भागात माझ्यावर उलटला, तो नेमका हाच भाग. वही बंद असलेला. आणि त्याच काळात २५५ ची गोष्ट पसरली. एकामुळे दुसरं घडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मला स्वतःला ती गोष्ट त्या रात्री का पटली, हे मात्र मला आता कळतंय. मला कारण हवं होतं, आणि कुणीतरी ते आयतं हातात दिलं.

नकार द्या, पण कारण सांगा

त्याच २०१३ साली 'युरोपा युनिव्हर्सॅलिस फोर' आला. हा गेम १४४४ मध्ये सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दख्खनवर बहामनी राज्य आहे तेव्हा. पुढे योग्य परिस्थिती जुळवलीत तर मराठा राज्यही उभं करता येतं, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांचा हा जीव की प्राण.

यात तुम्ही मित्राला युद्धाला बोलवायच्या आधीच गेम सांगतो की तो येणार की नाही आणि का. तुमच्यावर विश्वास आहे, अधिक. तुमचे उपकार आहेत, अधिक. पण डोक्यावर कर्ज आहे, उणे. युद्धभूमी फार लांब आहे, उणे. आधीच्या लढाईने लोक थकलेत, उणे. तुमच्यावर कुणी हल्ला केला असेल तर तो सहसा धावून येतो, तुम्ही स्वतः चालून जाताय म्हटल्यावर मात्र विचार करतो. जिंकल्यावर जमीन देईन असं वचन देऊन त्याला आणलंत आणि नंतर हात वर केलेत, तर तुमच्यावरचा विश्वास घसरतो आणि पुढच्या वेळी तो आकडा आडवा येतो. आणि तुम्ही फार वेगाने मुलूख गिळायला लागलात तर सगळे शेजारी मिळून तुमच्याविरुद्ध आघाडी करतात.

मित्र नकार देतो, पण राग येत नाही. वाटतं, बरोबर आहे बाबा, कर्ज आहे तुझ्या डोक्यावर. कर्ज फेडायला पैसे पाठवतो, मग ये.

दोन हजार वर्षं जुना हिशोब

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आधी कुठेतरी पाहिलंय. मग आठवलं. 'सिव्हिलायझेशन सिक्स'मध्ये २०१८ साली भारताला गांधीजींबरोबर दुसरा नेता मिळाला, चंद्रगुप्त मौर्य. त्याच्या खास क्षमतेचं नावच 'अर्थशास्त्र' आहे. त्याला शेजारी आवडत नाहीत. कुणी त्याच्या हद्दीजवळ शहर वसवलं की बिनसलंच.

ही कल्पना थेट कौटिल्याच्या मंडल सिद्धान्तातून आली आहे. तुमच्या सीमेला लागून असलेला राजा हा स्वभावतः शत्रू, आणि त्याच्या पलीकडचा, म्हणजे शत्रूचा शत्रू, तो तुमचा मित्र. पुढे कौटिल्य परराष्ट्र धोरणाचे सहा प्रकार सांगतो: संधी म्हणजे तह, विग्रह म्हणजे युद्ध, आसन म्हणजे गप्प बसून राहणं, यान म्हणजे स्वारीची तयारी करून निघणं, संश्रय म्हणजे बलवानाचा आसरा घेणं, आणि द्वैधीभाव, म्हणजे एकाशी तह करून दुसऱ्याशी लढणं. पाचव्या भागातली ती धोरणांची यादी याच्या शेजारी ठेवून बघा. हुबेहूब नाही, पण चुलत भावंडं नक्की वाटतात. आपण दुबळे असू तर तह करा, वरचढ असू तर लढा, बरोबरीचे असू तर थांबा. आणि तह व युद्ध या दोन्हींत सारखाच फायदा दिसत असेल तर तह निवडा, कारण युद्धात माणसं जातात, पैसा जातो, घरापासून दूर राहावं लागतं. ही तर चक्क प्रोग्रॅमची अट आहे!

हे पुस्तक शतकानुशतकं हरवल्यासारखं होतं. म्हैसूरच्या शामशास्त्रींना त्याचं हस्तलिखित मिळालं आणि १९०९ मध्ये ते छापलं गेलं. पुढे १९६० च्या दशकात आर. पी. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत तयार केली, ती मुंबई विद्यापीठाने काढली. म्हणजे मित्र कसा निवडावा याचा जुना हिशोब आपल्या मुंबईत बसून तपासला गेलाय.

बोलणारा दोस्त

शेवटचा थांबा, नोव्हेंबर २०२२. 'डिप्लोमसी' नावाचा बोर्डगेम आहे, ॲलन कॅलहॅमर यांनी तो १९५९ साली बाजारात आणला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता. फासे नाहीत. सगळे आधी एकमेकांशी बोलतात, वचनं देतात, आणि मग प्रत्येक जण आपली चाल गुपचूप लिहितो. चाली एकाच वेळी उघडतात. कुणी शब्द पाळला ते तेव्हाच कळतं.

मेटा कंपनीच्या संशोधकांनी यासाठी 'सिसेरो' नावाचा प्रोग्रॅम बनवला. तो ऑनलाइन माणसांशी ४० डाव खेळला, त्यांच्याशी गप्पा मारत. एकाहून जास्त डाव खेळलेल्या खेळाडूंमध्ये तो वरच्या दहा टक्क्यांत आला. आतमध्ये दोन भाग होते. एक भाग ठरवायचा कोण काय करेल आणि आपण काय करायचं. दुसरा त्या बेताला धरून मेसेज लिहायचा. बनवणाऱ्यांचं म्हणणं, त्याला मोठ्या प्रमाणात प्रामाणिक राहायला शिकवलंय. २०२४ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी त्याचे डाव तपासून म्हटलं की तो दगा देतो, काही वेळा ठरवून देतो.

इथे वही तर नाहीच. उलट गोड बोलणारं तोंड आहे. चौथ्या भागातला नेता सांगायचा, "सीमेमुळे उणे दोन." सिसेरो म्हणणार, "काळजी करू नकोस, मी तुझ्या बाजूने आहे." ऐकायला दुसरं वाक्य किती छान वाटतं! पण भरवसा ठेवायला मला पहिलं वाक्य बरं वाटतं.

मान्य आहे, सगळा हिशोब उघडा असला की मित्र कॅल्क्युलेटर होऊन जातो. थोडं गूढ नसेल तर खेळण्यात मजा नाही. पण आता गेमबाहेरही आपल्यासाठी निर्णय घेणारे प्रोग्रॅम वाढतायत, आणि ते आपल्यापैकीच कुणीतरी लिहितंय. मी लिहितोय. माझ्या प्रोग्रॅमने कुणाला नाही म्हटलं आणि कारण दाखवलं नाही, तर तो माणूसही गोष्ट रचेल. कदाचित २५५ सारखी मजेशीर, कदाचित नाही.

तर, गेल्या सोमवारी त्या इंटर्न मुलीला मेसेज केला. "ती ओळ कोडमध्ये नाही. कधीच नव्हती. तुझं बरोबर होतं."

तिचं उत्तर आलं, "दादा, मग ती स्लाइड काढणार का?"

काढली नाही. शीर्षक बदललंय. आधी होतं, 'डेटा टाइप चुकला तर काय होतं'. आता आहे, 'कोड न बघता विश्वास ठेवला तर काय होतं'. आणि खाली उदाहरण म्हणून माझंच नाव टाकलंय.

चला, आज एवढंच. तुमच्या एखाद्या कॉम्प्युटरच्या दोस्ताने तुम्हाला कधी दगा दिला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फक्त यावेळी, का दिला हेही शोधून पाठवा! भेटूया पुढच्या भागात.